गॅरेज सुटले, पण धूळ?

गेल्या महिन्यात, सोमवारच्या गर्दीत, एक ओळखीचे मिस्त्री दवाखान्यात आले. वय ६२. हमरस्त्यावर ट्रक आणि जीपगाड्यांची कामे करण्यात त्यांची हयात गेली. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी गॅरेज मुलाच्या हवाली केले. नंबर लवकरचा असूनही ते बाकावर बसून राहिले. शेवटचा पेशंट गेल्यावर आत आले आणि दार लोटून घेतले.

“डॉक्टरसाहेब, नातवानं मोबाइलवर दाखवलं. ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते छातीत गेलं की कॅन्सर होतो म्हणे. मी चौदाव्या वर्षापासून ड्रम उघडतोय. आता माझं काय?” थोडे थांबून ते हळूच म्हणाले, “आणि पोराला पण मीच याच धंद्यात घातलंय.”

तीन आठवडे त्यांना धड झोप नव्हती. घरी कुणाला काही सांगितले नव्हते.

वाचकहो, आपल्या जिल्ह्यात असे मिस्त्री, वस्ताद आणि हेल्पर शेकड्यांनी असतील. कुणी निवृत्त झाले, कुणी धंदा बदलला. त्यांना मी जे सांगितले तेच आज सविस्तर लिहितो. छातीत गेलेली धूळ परत काढता येत नाही, हे खरे. पण पुढचे सगळे त्या धुळीवरच अवलंबून आहे, हे मात्र खोटे. पुष्कळसे अजून तुमच्या हातात आहे.

ही धूळ कोणती?

ॲस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे खनिज. दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. तो आगीत जळत नाही, घासला तरी लवकर झिजत नाही आणि किमतीला स्वस्त. म्हणूनच ब्रेकचे लायनर, क्लचप्लेट, इंजिनचे पॅकिंग, सायलेन्सरभोवती गुंडाळायचा दोर यांत तो अनेक वर्षे सर्रास वापरला गेला. जुन्या लायनरमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही जास्त ॲस्बेस्टॉस असे.

गॅरेजमधले काम आठवून पाहा. चाक काढले, ड्रम उघडला की आत काळपट भुकटी साचलेली. कॉम्प्रेसरची नळी घ्यायची आणि हवा मारून ती उडवायची. नवा लायनर ब्रेकशूवर रिव्हेट मारून बसवायचा, कडा कानसेने नाहीतर ग्राइंडरवर घासायच्या. शेवटी झाडू मारायचा. झाडू मारणारा बहुधा सर्वांत लहान पोऱ्या. उडालेली धूळ थोड्या वेळात खाली बसली असे वाटते. पण ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू केसाहूनही कितीतरी पटींनी पातळ असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत तासन्‌तास तरंगत राहतात.

छातीत गेल्यावर काय होते?

आपल्या श्वासनलिकांत बारीक केसांचा एक झाडू सतत चालू असतो. आत गेलेली बरीचशी धूळ तो कफाबरोबर वर ढकलतो. काही तंतू मात्र खोलवर पोचतात. शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांना गिळायचा प्रयत्न करतात, पण तंतू लांब असला तर तो पुरा गिळता येत नाही. तिथे वर्षानुवर्षे बारीक सूज राहते. यातून पुढील गोष्टी होऊ शकतात.

पहिली गोष्ट, फुफ्फुसावरच्या आवरणावर चट्टे पडणे. एक्स-रेत ते दिसले की माणूस घाबरतो. पण हे चट्टे म्हणजे कॅन्सर नव्हे आणि त्यांचा पुढे कॅन्सर होत नाही. धूळ छातीत गेली होती, याची ती खूण आहे.

दुसरी, ॲस्बेस्टॉसिस. यात फुफ्फुसाचा स्पंज हळूहळू चिवट, कडक होतो आणि दम लागतो. त्यासाठी बरीच धूळ बरीच वर्षे छातीत जावी लागते. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांत हा आजार जास्त दिसला आहे, साध्या गॅरेज कामगारांत तो क्वचित आढळतो.

तिसरी, फुफ्फुसाचा कॅन्सर. चौथी, मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर. हा दुर्मिळ आहे, पण वाईट. दक्षिण आफ्रिकेत खाणींच्या परिसरातील रुग्ण तपासून डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली त्याचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दाखवला. स्वरयंत्राचा आणि स्त्रियांत अंडाशयाचा कॅन्सरही ॲस्बेस्टॉसने होऊ शकतो, हे आता मान्य झाले आहे.

हे आजार दहा-वीस वर्षांनी, मेसोथेलिओमा तर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. म्हणून “आता गॅरेज सुटलं, प्रश्न मिटला” असे म्हणता येत नाही. यांतला एकही आजार संसर्गजन्य नाही. नातवंडांना जवळ घेण्यात, एका ताटात जेवण्यात काहीही धोका नाही. मिस्त्रींनी हे दोनदा विचारले, म्हणून मुद्दाम लिहितो.

मग धोका किती?

मोबाइलवरच्या चित्रफिती नेमके हेच सांगत नाहीत. ब्रेक लावताना लायनर इतका तापतो की त्यातल्या बहुतेक ॲस्बेस्टॉसचे रूप बदलते आणि झिजून पडलेल्या काळ्या भुकटीत खऱ्या तंतूंचा अंश थोडाच उरतो. शिवाय लायनरमध्ये असे ते पांढरे ॲस्बेस्टॉस. निळ्या आणि तपकिरी जातींच्या मानाने ते फुफ्फुसात लवकर विरते. परदेशांत गाडी-मिस्त्रींच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांतील बहुतेकांत मेसोथेलिओमाचे प्रमाण ठळकपणे वाढलेले दिसले नाही. यातील काही पाहण्यांना गाडी उद्योगाचा पैसा होता, म्हणून त्यांवर वादही आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नवा लायनर घासताना, कापताना, भोके पाडताना उडणारी धूळ तापलेली नसते. तिच्यात तंतू तसेच असतात. दिवसभर फक्त लायनर बसवून देणाऱ्या दुकानातला कामगार आणि महिन्याकाठी चार ब्रेक करणारा मिस्त्री यांत मोठा फरक आहे. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसनेही कॅन्सर होतो आणि “इतकी धूळ चालते” अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

थोडक्यात सांगायचे तर, गॅरेजमध्ये काम केलेल्या बहुतेकांना ॲस्बेस्टॉसचा आजार होणार नाही. काहींना होऊ शकतो. घाबरून जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये.

माझी एक चूक

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीतला एक गृहस्थ दम लागतो म्हणून माझ्याकडे येत असे. बिडी ओढणारा होता. मी दम्याची औषधे दिली, पंप दिला. फरक पडेना. दुसरीकडे एक्स-रेत डाग दिसला म्हणून सहा महिने क्षयाची औषधे झाली. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते. शेवटी मोठ्या शहरातील एका डॉक्टरांनी त्याला विचारले, “तुम्ही काम काय करत होतात?” पंचवीस वर्षे तो लायनर घासून बसवायच्या दुकानात होता. स्कॅन झाले. निदान निघाले ॲस्बेस्टॉसिस.

मी त्याला अनेकदा तपासले होते. मात्र हा एक प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असा आग्रह त्याने त्यात धरला होता. तीनशे वर्षांनीही मी तो विसरलो. वेळेवर निदान झाले असते तरी कडक झालेले फुफ्फुस पूर्ववत झाले नसते, हे खरे. पण सहा महिन्यांची नको असलेली औषधे वाचली असती आणि बिडी दोन वर्षे आधी सुटली असती.

म्हणून सांगतो, डॉक्टर विचारोत वा न विचारोत, आपला धंदा आपणच सांगावा.

काय करावे?

१) बिडी-सिगारेट सोडावी. बाकी सर्व सूचना याच्या खालच्या. अमेरिकेत डॉ. सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्बेस्टॉसचे लेपन करणाऱ्या हजारो कामगारांची पाहणी केली. ती १९७९ साली प्रसिद्ध झाली. धूम्रपान नाही आणि ॲस्बेस्टॉसही नाही, अशा माणसाचा फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका १ धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसने तो सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे ११ पट आणि दोन्ही मिळून ५० पटींहून जास्त निघाला. त्या कामगारांच्या छातीत गॅरेजपेक्षा खूपच जास्त धूळ गेलेली होती, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू नाहीत. पण दोन्ही मिळून धोका कसा वाढतो ते यातून कळते. याच धंद्यातील कामगारांची माहिती २०१३ साली पुन्हा प्रसिद्ध झाली. धूम्रपान सोडल्यापासून दहा वर्षांत फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. धूळ तेवढीच, फक्त धूम्रपान थांबले. (मेसोथेलिओमा धूम्रपानाने वाढत नाही, तेव्हा तो त्याने टळतही नाही.)

२) एका कागदावर आपल्या कामाचा इतिहास लिहावा. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत काम केले, मोकळ्या जागेत की बंद शेडमध्ये, लायनर घासायचे काम होते का, हवा मारत होता का. पाच ओळी पुरेत. जुने एक्स-रे रद्दीत टाकू नयेत. वीस वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी ठेवली की डाग जुना की नवा हे लगेच कळते. कागद आणि फिल्म एका पिशवीत ठेवून कोणत्याही डॉक्टरकडे जाताना न्यावी.

३) एकदा पायाभूत तपासणी करावी. छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकण्याची चाचणी, या दोन पुरेत. पुढे किती दिवसांनी तपासायचे ते धुळीचे काम किती वर्षे झाले आणि धूम्रपान किती, यावर छातीच्या डॉक्टरांनी ठरवावे. छातीत किती धूळ आहे हे सांगणारी रक्ततपासणी नाही. भीतीपोटी दरवर्षी स्कॅन करून घेऊ नये. ज्यांनी वीस-तीस वर्षे भरपूर धूम्रपान केले आहे, त्यांनी कमी मात्रेच्या स्कॅनबद्दल छातीच्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

४) फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. आधीच कमकुवत झालेल्या फुफ्फुसाला साधा न्यूमोनियाही जड जातो.

५) रोज चालावे. दम लागतो म्हणून खुर्चीत बसून राहिलेल्याचा दम आणखी वाढतो. बोलता येईल इतक्या वेगाने अर्धा तास चालावे.

ही लक्षणे लपवू नका

जिन्यावर किंवा चढावर पूर्वी लागत नसे तो दम लागणे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, खोकल्यातून रक्त, एका बाजूला सतत छातीत दुखणे, विनाकारण वजन उतरणे, आवाज बसून तो न सुटणे, बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वळणे. यातले काहीही असेल तर आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जावे.

छातीत पाणी होण्याबद्दल वेगळे सांगतो. आपल्याकडे छातीत पाणी झाले की क्षय समजण्याची पद्धत आहे आणि पुष्कळदा तो क्षयच असतो. खोकल्याला थुंकी तपासणी आधी हवीच. पण लायनरच्या धुळीत काम केलेल्या माणसाच्या छातीत पाणी झाले, ते काढल्यावर पुन्हा भरले आणि क्षयाचा पुरावा मिळत नसेल, तर पाण्याची पूर्ण तपासणी आणि गरज पडल्यास आवरणाचा तुकडा काढून तपासणे टाळू नये. “डॉक्टर, मी ब्रेकचं काम करत होतो,” एवढे वाक्य तेव्हा निदानाची दिशा बदलू शकते.

काय करू नये?

गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघते, हा समज गॅरेजपासून गिरणीपर्यंत सगळीकडे आहे. गूळ खाल्ला की घसा ओला होतो, बरे वाटते. पण फुफ्फुसात रुतलेला तंतू त्याने निघत नाही, उलट मधुमेही मिस्त्रींची साखर वाढते. “रात्री एक पेग मारला की धूळ उतरते” हा तर निव्वळ बहाणा. फुफ्फुस साफ करणारे काढे, गोळ्या, वाफारे यांच्या जाहिराती येतात. त्यांवर पैसे घालवू नयेत. त्याच पैशांत एक्स-रे निघेल.

आजच्या गॅरेजसाठी

मिस्त्रींचा दुसरा प्रश्न मुलाबद्दल होता आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. युरोपीय संघात ती २००५ पासून आहे. अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली ती २०२४ च्या मार्चमध्ये, त्यात ब्रेकचे सुटे भागही आले. आपल्याकडे खाणींना नवे पट्टे देणे १९८६ साली थांबले, पण आयात चालू राहिली. तो माल मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जातो. नामांकित कंपन्यांचे नवे लायनर बहुतेक ॲस्बेस्टॉसविरहित असतात. पण जुन्या गाडीत काय बसवले आहे आणि स्वस्तातल्या बिनछापाच्या पुड्यात काय आहे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक ड्रम संशयाचाच समजावा.

ब्रेक आणि क्लचवर हवा कधीही मारू नये. भुकटी साबणाच्या पाण्याने हळूच भिजवावी, ओल्या फडक्याने पुसावी, फडके प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाकावे. पेट्रोलने धुऊ नये, आगीची भीती. कोरडा झाडू मारू नये. लायनर शक्यतो तयार मापाचा घ्यावा, घासावा लागला तर ओला करून हातकानसेने घासावा, ग्राइंडरवर नको. तोंडाला बांधलेल्या रुमालातून हे तंतू सहज आत जातात. चांगला घट्ट मास्क उपयोगी आहे, पण ओले काम हा त्याहून मोठा आधार. कामाचे कपडे गॅरेजातच बदलावेत. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ॲस्बेस्टॉस कामगारांच्या घरच्यांनाही मेसोथेलिओमा झाल्याचे आढळले होते. कपड्यांवरून धूळ घरी गेली होती. कपडे झटकू नयेत, भिजवून वेगळे धुवावेत.

या सगळ्याला फारसा खर्च नाही. बादली, साबण आणि फडकी पुरतात.

कागदावर नसलेला कामगार

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या जानेवारीत ॲस्बेस्टॉस कामगारांविषयी महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर जपावी, असे त्यात सांगितले आहे. हा आजार किती वर्षे दबा धरून बसतो, हे न्यायालयानेही ओळखले होते. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने मान्य व्यावसायिक आजार आहे. ज्यांची नोकरी कायम होती, पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जात होती, त्यांनी निदान झाल्यास विमा रुग्णालयात आणि कामगार कार्यालयात जरूर विचारावे.

पण रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या पोऱ्याचे नाव कोणत्या हजेरीपटावर असते? त्याच्या आरोग्याची नोंद कोण जपणार? म्हणून वर सांगितलेला पाच ओळींचा कागद महत्त्वाचा. ज्यांच्या हाताखाली मुले काम करतात, त्या मालकांनीही एक वही ठेवावी. कोण, केव्हापासून, कोणत्या कामावर. एवढे तरी आपण त्यांचे देणे लागतो.

मिस्त्रींचा एक्स-रे आणि फुंकण्याची चाचणी झाली. एका बाजूला आवरणावर लहानसा चट्टा आहे, श्वसनाची क्षमता वयाच्या मानाने ठीक आहे. चट्टा म्हणजे काय ते समजावल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. बिडी अजून सुटलेली नाही. दिवसाला दोन बंडलांवरून सहा बिड्यांवर आली आहे. मी त्यांना सहाही सोडायला सांगितले आहे आणि त्यासाठी औषधही चालू केले आहे.

परवा गाडीच्या कामासाठी त्यांच्या मुलाच्या गॅरेजवर गेलो होतो. ब्रेकच्या जागेवरून कॉम्प्रेसरची नळी काढून पलीकडे पंक्चरच्या बाजूला टांगली होती. खाली पाण्याची बादली होती. मिस्त्री खुर्ची टाकून बसले होते आणि एका नव्या पोऱ्याला सांगत होते, “आधी भिजव, मग हात लाव.”